पुसलेले हात
वाण्याकडून खाकी कागदी पिशवी हातात आली की विक्रोळीच्या चाळीतली एक दुपार आठवते. बातमीसाठी मी पोहोचलो तेव्हा जिन्यात कुणीतरी तळलेल्या बांगड्यांचा वास होता. वर एका सुरक्षारक्षकाचा त्याच्याच खोलीत गोळी लागून मृत्यू झाला होता. तेव्हा खोलीत त्याच्यासोबत असलेला त्याचा सहकारी सांगत होता, त्याने स्वतःच गोळी झाडून घेतली. मृताच्या आईला ते मान्य नव्हतं. पोलिसांसोबत आलेला न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा माणूस मृताच्या हातांवर बांधायला तशाच पिशव्या घेऊन वाकला आणि थबकला. “हात कोणी पुसले?” “मीच,” आई म्हणाली. “झिलाचे हात रगतान भरलेले, पुसूचे नाय?” “आई, गोळी झाडणाऱ्याच्या हातावर शिशाचे, बेरियमचे बारीक कण बसतात. तेच तपासायचे होते.” ती घाईने म्हणाली, “मगे पंचो आसा मां! तेका लागले असतले.” “कुठाय?” तिने गॅलरीकडे बोट दाखवलं. पंचा धुऊन, पिळून दोरीवर वाळत घातला होता. पुढे हातांवर कण सापडले नाहीत, असा अहवाल आला. त्यावरून काहीच ठरलं नाही. तिच्या मुलाने गोळी झाडून घेतली की त्याला मारलं, हे मला आजही लिहिता येत नाही.