शहादेवतात्याला गेम लागायची

शहादेवतात्या बाभळीला एक हात लावून ओकत व्हता आन् दुसऱ्या हातातला माझा मोबाईल त्यानं उंच धरला व्हता, घाण उडू नये म्हणून. मोबाईलमधून पोरीचा आवाज येत व्हता.

"आप्पा, कुठं राह्यले? जीपीत बसा की! वैरी आले!"

तात्या थुंकला, तोंड पुसलं आन् मोबाईल जवळ आणून म्हणला, "आलो, आलो. चप्पल तुटली व्हती."

तिकडून मंजुळा खिदळली. "गेममधी कुठं चप्पल तुटती का आप्पा?"

ती हसली का तात्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. मिशीला अजून ओकारी लागलेली आन् हा खुशीत.

मंजुळा त्याची एकुलती एक पोरगी, बारा वर्षाची. ती गावाकडं, शिरूर कासारच्या अलीकडं, तिच्या आज्जीपशी म्हणजे भिवराबाईपशी. आन् आमी दोघं, मी आन् तात्या, लई लांब सातारकडं, एका सहकारी कारखान्याच्या ऊसतोडीवर. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. तात्याची बायको कडूबाई आदल्या हंगामात फडातच गेली. ताप डोक्यात गेला, आन् दवाखाना व्हता लांब. मंग तात्या राह्यला अर्धा कोयता. माझं लगीन न्हाई, मी बी अर्धाच. बंकट मुकादमानं दोघाला जोडून एक कोयता केला. टोळीतल्या बाया इचारायच्या, "ह्यांच्यात बाई कोण गं?" तात्या म्हणायचा, "भाकरी मी थापतो. मीच बाई. ह्याला निस्तं खायाला येतं."

खरंच व्हतं ते. मी आठवीत शाळा सोडली, घरी भांडून निघालो, आन् मला ह्या माणसानं भाकरी घातली. म्हणून आजबी तात्याला कोणी वाकडं बोललं का माझं टकुरं फिरतं.

त्या साली आमच्याकडं पाऊसच न्हाई. सिंदफणेत निस्ती वाळू. बैलं छावणीला बांधली आन् गाव लेकराबाळासकट तोडीला निघालं. मंजुळा बी दर साली यायची. त्या बारीला तात्यानं तिला आणलीच न्हाई. टेम्पो हलला तव्हा ती वेशीत उभी व्हती. तात्या हात हलवत बसला, ती हलली न्हाई.

मंग फोनवर बी तसंच. "जेवली का?" "हां." "शाळंत गेलती का?" "हां." "आज्जी बरी हाय का?" "हू. ठिवते." तात्या बंद झालेला फोन कानालाच धरून बसायचा. टोळीला वाटायचं अजून बोलतोय.

ह्याच्यावर तोड मीच काढली. तात्याचा धाकला भाऊ सिदू गावात शेरडं राखायचा, त्याच्या मोबाईलवर मंजुळा एक गेम खेळायला शिकली. बेटावर उतरायचं, बंदुका गोळा करायच्या, जीप पळवायची. दोघं लांबून बी संगं खेळू शकत्यात, बोलत बोलत. तात्याकडं बटनाचा डबा. मी माझा मोबाईल दिला आन् म्हणलं, "तात्या, ती फोनवर बोलंना ना? हिथं बोलंल."

आन् बोलली की ती! "आप्पा, खाली वाका. आप्पा, तिकडं नका जाऊ. आप्पा, ती बंदूक उलटी धरली!" तात्यानं मधीच इचारलं, "पोरी, भाकर खाल्ली का?" तर म्हणती, "आप्पा, हिथं गोळ्या चालल्यात आन् तुमी भाकरीचं काय इचारता?"

पर त्याला ते सोसंना. यष्टीत बसलं का खिडकीतून तोंड काढणारा माणूस तो. स्क्रीनवर ती जीप गरागरा वळायची आन् हा हिथं जाग्यावर बसून पांढराफटक. कपाळाला घाम, तोंडाला पाणी, मंग बाभळ. उठला का दारू पिल्यासारखा झोकांड्या द्यायचा.

टोळीत मजाच झाली. "अरे, गाडी लागती, ऊन लागतं, मिरची लागती. ह्याला गेम लागती बे!" बायांचं वेगळंच. त्या म्हणायच्या, कडूबाईचा जीव पोरीत अडकलाय, ती ह्याला वढती, म्हणून गरगरतं. एकीनं त्याच्या दंडाला काळा दोरा बी बांधला. तात्यानं बांधून घेतला. म्हणला, "वढत असंल तर वढू दे. तिचंबी लेकरूच हाय."

मी त्याला लई सांगितलं. "तात्या, पोरीला सांगा ना तुमाला लागतं म्हणून. निस्तं बोला, खेळू नका."

"खेळायचं सोडलं का ती परत हां-हू करंल."

"मंग डोळे झाकून बसा."

"आन् तिला गोळी लागली तर कोण बघंल?"



एक नियम त्यानं पाळला व्हता. गाडी भरायची असली का गेम न्हाई. भरणी सोपी न्हाई. ट्रकाला अरुंद फळी तिरपी लावत्यात, डोक्यावर उसाची मोळी घ्यायची आन् त्या फळीवरनं पळत वर. थांबलं का तोल गेला. म्हणून तात्या गाडी भरून गेल्यावरच मोबाईल मागायचा.

त्या दिवशी कारखान्यावर गाड्या तुंबल्या व्हत्या. बंकट म्हणला, "आज एकबी रिकामी गाडी यायची न्हाई. पडा निवांत." तात्या दुपारीच आमच्या पाचटाच्या कोपीच्या सावलीला गेम लावून बसला. मी शेजारी. मंजुळा जीप चालवीत व्हती आन् तिनं ती एकदम मधी रस्त्यात थांबवली.

"आप्पा, एक इचारू?"

"इचार की."

"मला कावून ठिवून गेले? संगं का न्हाई नेलं?"

तात्याचे बोटं थांबले. कुठून तरी गोळ्या सुरू झाल्या. मी म्हणलं, "तात्या, पळवा त्याला!" तात्या हलंना.

"आप्पा, तुमी मेले," मंजुळा म्हणली.

"मेलो तर मेलो. तू ऐक. तुझी आय बी माझ्यासंगं फडात आलती बाळा. म्हणून."

तिकडून बारीक आवाज आला, "मंग तव्हाच सांगायचं ना. मला वाटलं मी कामाला उपेगाची न्हाई म्हणून ठिवलं."

तात्या काही तरी बोलायला गेला आन् बांधावरून ट्रकाचा हॉर्न वाजला. बंकट वरडत आला, "उठा, उठा, गाडी आली! गाडी थांबायची न्हाई!"

तात्या मोबाईलला म्हणला, "उंद्या समदं सांगतो तुला. समदं. गाडी आली बग."

तो उठला आन् कोपीचा बांबू धरून उभा राह्यला. मी वळखलं. "तात्या, फळीवर मी जातो. तुमी खालून मोळ्या द्या."

"अर्धा कोयता हाय मी. अर्ध्यातलं अर्धं काम करू का आता?" हसत व्हता तो. मी त्याला हंगामभर तसं हसताना बघितलं नव्हतं. डोक्यावर मोळी घेतली आन् जाता जाता म्हणला, "इचारलं रे तिनं. तोंडानं इचारलं."

फळीच्या वरच्या टोकाला तो थांबला. निस्ता थांबला. मोळी एकीकडं गेली आन् तो एकीकडं.

मेला न्हाई. कंबर वाचली, पर डोकं फळीच्या कडंला आपटलं. डाक्टर म्हणला, कानाच्या आतमधी तोल सांभाळणारं असतं, ते गेलं. आता तात्याला चक्कर येत न्हाई, चक्करच ऱ्हाती. भिताड धरून चालतो. स्क्रीन तर लांबच, चालत्या माणसाकडं बघितलं तरी त्याला मळमळतं. लोक म्हणत्यात मोबाईलनं पाडला. लोकाला काय जातंय बोलायला! त्याच मोबाईलवर त्याला त्याची लेक भेटायची.

आता तो घरी हाय, ओसरीत बाजेवर. मंजुळा त्याच घरात. ती पाणी आणून देती, हा पितो. ती इचारती, "भाकर आणू का?" हा म्हणतो, "हां." ती आत जाती. एकदा मी मोबाईल मधी ठिवला, म्हणलं, खेळू नका, निस्तं चालू ठिवून बोला. तात्यानं त्याच्याकडं एकवार बघितलं आन् डोळे घट्ट मिटले. मंजुळानं मोबाईल माझ्या हातात दिला. "ऱ्हाऊ द्या, दादा." ते उंद्याचं समदं तसंच राह्यलं. कोणी सुरवातच करत न्हाई.

पुढच्या हंगामाला बंकट आला आन् म्हणला, "पोरगी धडधाकट हाय, तुझ्या जोडीला टाकू का, कोयता पुरा व्हईल." मी त्याची गचांडी धरली. पोरगी शाळंत जाती. मी अर्धाच कोयता गेलो.

औंदा निघायच्या आधी भेटायला गेलतो. तात्या झोपलेला, मंजुळा शाळंत. भिवराबाई बाजरी पाखडत बसलेली. मी आपलं बोललो का, तात्या बिचारा लेकीसाठी लई ओकला. म्हातारीचं सूप थांबलं.

"त्यो बी?" ती म्हणली. "आरं, पोरीला बी लागायची ती गेम. रोज खेळून झालं का गोठ्यामागं जाऊन भडाभडा ओकायची. सिदू म्हणला, नको खेळू, निस्तं फोनवर बोल. तर म्हणली, आप्पाला सांगू नका काका, त्यांना लई आवडती."