दामाचं बोट

रोमच्या न्यायसभेत दामा बावीस वर्षं पाणी सांभाळत होता. भांड्याच्या बुडाला भोक. त्यातून पाणी गळत असेपर्यंत वकिलानं बोलायचं, संपलं की गप्प बसायचं. मध्येच कुणाची जबानी वाचली जाऊ लागली, तर भोकावर बोट ठेवून पाणी अडवायचं. दामाचं एवढंच काम. मोठमोठे वक्ते गळा काढत, छाती बडवत. हा पठ्ठ्या भांड्याकडे बघत बसे.

"दगड आहेस लेका," पुकाऱ्या सुरा म्हणायचा. "काल सगळी सभा रडली!"

"मी रडलो तर बोट कोण लावणार? तू?"

त्या दिवशी आरोपी होती ख्रेस्ता. मालकाला विष घातल्याचा आळ आलेली स्वयंपाकीण, आणि दामाची लेक. पण गुलामाला लेक असते हे कायद्याला मान्यच नव्हतं. आग लागो त्या कायद्याला!

सकाळी दामानं तिच्या वकिलाला, वेरानियुसला, हळूच विचारलं, "धनी, सुटेल ना पोर?"

"सुटेल. वैद्यानंच चुकीचं औषध दिलंय. आधी त्याची जबानी वाचली जाईल, मग शेवटच्या पाण्यात मी ती फाडून दाखवतो."

वेरानियुस बोलायला उठला. "ही सात वर्षांची असताना विकली गेली. बाप वेशीपर्यंत धावला, तिच्या मुठीत भाजलेले चणे कोंबले. तिथून त्याला चाबकानं हाकललं."

दामानं मान वर केली. चण्यांची गोष्ट पोरीनं जपून ठेवली होती तर! बावीस वर्षांत पहिल्यांदाच तो भाषण ऐकत होता. डोळ्यांना धार लागली. कारकुनानं वैद्याची जबानी वाचायला घेतली, तीही लांबलचक, आणि दामाचे दोन्ही हात तोंडावर होते.

जबानी संपली. वेरानियुस पुढे सरसावला.

"पाणी संपलं!" सुरानं पुकारलं. त्याचा आवाज चिरकला.

दामा न्यायाधीशाच्या पायांवर कोसळला. "माझी चूक, मायबाप! मी पाणी अडवलंच नाही. त्यांचं पाणी त्यांना परत द्या!"

"गुलामाची साक्ष चाबकाशिवाय धरत नाहीत," न्यायाधीश म्हणाले. "उद्या विचारू रीतसर. निकाल मात्र आजच लागेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी, फटक्यांखाली, दामानं तेच शब्द पुन्हा सांगितले. कारकुनानं ते नीट लिहून घेतले, आणि साक्ष ग्राह्य धरली गेली. ख्रेस्ताला सकाळीच फास दिला होता.