समुद्राच्या बाजूने धावणारे मेस्त्रीसर

श्री. विश्राम मेस्त्रीसरांची आणि माझी पहिली भेट शाळेच्या मैदानावर झाली. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षे झाली असतील. लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी आम्हा चौघांची निवड झाली होती. नवे व्यायामशिक्षक आता घड्याळ काढतील असे आम्हाला वाटले. पण रात्री काय जेवलात, एवढेच त्यांनी प्रत्येकाला विचारले. उपाशी पोटी पाय हलके राहतात, हा त्या काळचा सर्वांचाच समज. सरांनी तो मोडायला घेतला. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी उकड्या तांदळाची पेज आणि रताळी, वाटेत केळे, गूळ आणि मिठाचे पाणी. हे सगळे सरावातही खायचे, कारण पायांसारखाच पोटालाही सराव लागतो, असे ते सांगत.

मला ते पटले कुणकेश्वरच्या पुळणीवर. सोमवार होता, माझा उपास होता. इतरांना मागे टाकून मी भर दुपारी एकटाच पुढे निघालो. वारा पडलेला, सुरूचे एक पानही हलत नव्हते. मैलभर गेल्यावर लाटांचा आवाज येईनासा झाला. लाटा फुटताना दिसत होत्या, ऐकू मात्र येत नव्हत्या. मग माझ्या डाव्या हाताला, समुद्राच्या बाजूने, कोणीतरी माझ्याच गतीने धावत असल्याचे मला दिसले. अंगात भिजलेला सदरा. वाळूवर त्याची पावले उमटत नव्हती, आणि याचे मला काहीच नवल वाटले नाही.

"दमलंस मा?" तो मायेने म्हणाला. "चल, पाण्यात गार आसा."

मी वळलो. पाणी छातीला लागले तेव्हा कोणीतरी मागून माझी मान धरली. मी काही खाल्ले नसल्याचे मागच्या मुलांकडून कळताच सर ओल्या वाळूवरून सायकल दामटत आले होते. त्यांनी मला ओढून काठावर आणले आणि तोंडात गूळ कोंबला. जरा वेळाने लाटांचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी काही सांगण्याआधीच सरांनी हलक्या आवाजात विचारले, "तेचो सदरो भिजलेलो होतो मा?"

घरी आईने भुताखेतांचे बघणाऱ्या घाडीकडून देवाला गाऱ्हाणे घालायचे ठरवले. सर हसले नाहीत. स्वतः नारळ घेऊन आले, फक्त गाऱ्हाण्याआधी मला पेज पाजावी असे त्यांनी आईला विनवले. पुढे एकदा त्यांनी मला मोकळेपणाने सांगितले, की तरुणपणी तेही तिथेच उपाशी धावले होते. "अंगातली साखर संपली की पायांआधी डोकं फसतं, भास होतात, हे मी तुम्हाला शिकवतो," ते म्हणाले. "दोघांना एकच भास का व्हावा, ते मला ठाऊक नाही."

आमच्यातला हसन रमजानचे रोजे धरी. त्या महिन्यात सरांनी सगळ्यांचेच लांब धावणे बंद ठेवले, त्याला एकट्याला मागे पडल्यासारखे वाटू नये म्हणून. ईदनंतर पुन्हा पुळणीवर गेलो तेव्हा हसन सर्वांच्या मागे होता. थांबल्यावर त्याने सरांना विचारले की पुढे तिघांऐवजी चौघे कसे दिसत होते. सरांनी त्याला केळे दिले, ते संपेपर्यंत शेजारी उभे राहिले. त्या दिवसापासून सायकल सोडून ते आमच्याबरोबर धावू लागले, नेहमी पाण्याच्या बाजूने. त्यांच्या हाताखालचा एकही मुलगा समुद्राने नेला नाही.

मी आता बांद्याच्या शाळेत व्यायाम शिकवतो. सरांच्या सत्काराच्या या समारंभाचे आमंत्रण द्यायला गेलो, तेव्हा सर मला पुळणीवर फिरायला घेऊन गेले. दुपार होती. सवयीने ते पाण्याच्या बाजूला झाले. थोडे चालल्यावर त्यांनी समुद्राकडे वळून मान हलवली, वाटेत भेटलेल्या माणसाला पाहून हलवावी तशी. कोण होते, असे मी विचारले.

"वळखीचो आसा," ते म्हणाले. "आता माझ्याशीच बोलता. पोरांकडे बघना नाय."

सरांनी साठी ओलांडली तरी त्यांचे पाऊल अजून दमदार पडते. त्यांना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो. ही प्रार्थना त्यांच्यासाठी आहे, आणि त्या वाळूवर जी अजून धावायची आहेत त्या मुलांसाठीही. पाण्याच्या बाजूची सरांची जागा घेण्याइतके धैर्य आमच्यापैकी कोणातही नाही.