पुलाच्या लढाईतला कंदील

शाळेत बाईंना सगळे ‘सनावळी’ म्हणत. कुठल्याही तहाचं वर्ष विचारा, खडू खाली न ठेवता उत्तर यायचं. टोपणनाव त्यांच्या कानावर होतं आणि मनातून त्यांना ते आवडायचंही. त्यांचे यजमान औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होते. ते म्हणत, “आमच्या लग्नाची तारीख तेवढी माझ्याकडे, बाकी साऱ्या जगाच्या हिच्याकडे.”

गावाच्या टोकाला नदीवर दगडी पूल होता. युद्धात त्या पुलावर झालेली लढाई देशभरच्या पाठ्यपुस्तकांत होती. मूठभर सैनिकांनी पूल अडवून धरला, तेव्हा शत्रूनं वरच्या अंगाला नदीचा उतार शोधला, पहाटे कमरेएवढ्या पाण्यातून अलीकडे आला आणि सैनिकांना पाठीमागून गाठलं. तो उतार शत्रूला दाखवला कुणी? गाव म्हणायचं, नावाड्यानं. कारण एवढंच, की त्या दिवसापासून तो कुणाला दिसला नव्हता. पलीकडच्या काठावरून त्यानं कंदील हलवून इशारा केला, हे तर लहान पोरंही सांगायची. गावच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत एक कंदीलही ठेवलेला होता.

बाई निवृत्त झाल्या आणि स्मारक समितीनं त्यांना लढाईचा साधार इतिहास लिहायला सांगितलं. बाई म्हणाल्या, “लिहीन. पण ऐकीव एक ओळ घालणार नाही. अस्सल साधनांत असेल तेवढंच.”

मग त्या राजधानीतल्या पुराभिलेखागारात जाऊन बसू लागल्या. तिथं पेन चालत नसे, फक्त शिसपेन्सिल. पिशवी बाहेर कपाटात ठेवायची आणि कागद फोमच्या उतरत्या उशीवर ठेवून वाचायचे. वाचनकक्ष सांभाळणारी अभिलेखपाल वयानं बाईंच्या मुलीएवढी होती. फोडणी टाकावी तसे शब्द तडतड उडवत बोलायची, पण कागद मात्र असे हाताळायची जणू झोपलेलं बाळ उचलतेय. बाईंशी तिचं चांगलं जमलं.

बाईंनी पलटणीची रोजनिशी वाचली, कमांडरचे अहवाल वाचले, शत्रूच्या बाजूच्या कागदांची भाषांतरं वाचली. आणि एकेक गोष्ट उलगडत गेली. शत्रूच्या इंजिनिअरांकडे युद्धाआधीचाच नदीचा नकाशा होता आणि उतार त्यात ठळक दाखवला होता. वाट दाखवायला त्यांना कुणाची गरजच नव्हती. कमांडरनं लढाईनंतर लगेच लिहिलेल्या अहवालात स्वतःच कबूल केलं होतं, की उतारावरचा पहारा मी आदल्या दिवशी काढून पुलावर आणला. ‘स्थानिक फितुरी’ हा शब्द आला तो पुढच्या अहवालात, वरून जाब विचारला गेल्यावर. नावाड्याबद्दल तर कुठल्याच कागदात एक अक्षर नव्हतं.

बाई हरखून गेल्या. “अगं, केवढा अन्याय झालाय बघ त्या माणसावर!” त्या अभिलेखपालाला म्हणाल्या. “स्वतःची चूक झाकायला कमांडरनं दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडलं. आता मी हे सगळं धुऊन काढते.”

“पण बाई, तो कंदील?” तिनं विचारलं. “तो तर कमांडरच्या अहवालातही नाही.”

“नाही ना. कुठून आला तो शोधायला हवा.”

“मी शोधते. तळटिपांचा माग काढायला मला फार आवडतं.”

दोन-चार दिवसांनी बाई आल्या तेव्हा अभिलेखपाल दारातच उभी होती. “बाई, सापडला! संग्रहालयाच्या पाटीला आधार त्या जाडजूड युद्धग्रंथाचा. ग्रंथातली तळटीप जाते एका मासिकातल्या लेखाकडे. लेखकानं आधार दिलाय तुमच्याच गावच्या शाळेनं छापलेल्या एका पुस्तिकेचा. त्याआधी कुठेही, काहीही नाही. म्हणजे कंदिलाचं अव्वल साधन हेच!” आणि तिनं फोमच्या उशीवर एक पातळ पिवळी पुस्तिका ठेवली.

मुखपृष्ठावर बाईंचंच नाव होतं.

तिनं ते पाहिलं नव्हतं असं नाही. तिला वाटलं होतं, बाईंना जुन्या माणसांकडून काही कळलं असणार. तिनं उत्सुकतेनं विचारलं, “तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो?”

बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मधल्या सुट्टीनंतरचा तास होता, वर्ग पेंगत होता, दोन मुलं चक्क बाकावर डोकं टेकून झोपली होती. बाई तेव्हा तरुण होत्या, वर्ग हातातून सुटला की त्यांना रडू यायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या होत्या, “आणि मग, मुलांनो, अंधारात पलीकडच्या काठावर एक कंदील हलला...” वर्ग खडबडून जागा झाला. दुसऱ्या वर्षी त्यांनी तो पुन्हा हलवला. पुस्तिका लिहायची वेळ आली तोवर त्यांना स्वतःलाच तो खरा वाटू लागला होता.

आणि त्या पहिल्या दिवशी वर्गात नावाड्याची पणती बसलेली होती. ती उभी राहून म्हणाली होती, “बाई, आमच्या घरी असं नाही सांगत.” त्यावर बाई म्हणाल्या होत्या, “फितुराच्या घरी कसं सांगतील?” वर्ग खो-खो हसला. त्या दिवसापासून त्या मुलीचं नाव कंदील पडलं. पुढच्या वर्षी तिनं शाळा सोडली.

“बाई? बरं वाटत नाहीये का?” अभिलेखपालानं पाण्याचा पेला आणायला धाव घेतली. वाचनकक्षात पाणी चालत नसे, म्हणून बाईंना बाहेर जाऊन ते प्यावं लागलं. त्या पुन्हा आत गेल्या नाहीत. बसमध्ये त्यांनी सगळा वेळ तोंड खिडकीकडे ठेवलं.

घरी यजमानांना त्यांनी सगळं सांगितलं. ते समजावू लागले, “अगं, वर्गात कोण तिखटमीठ लावत नाही?”

“अहो, तिखटमीठ कुणाच्या जखमेवर पडलं ते बघा ना.”

नावाड्याची ती पणती आता पोक्त बाई झाली होती आणि बाजारपेठेत सोफ्यांना कव्हरं घालायचं तिचं दुकान होतं. बाई दोनदा दुकानासमोरून जाऊन परत आल्या. तिसऱ्यांदा आत शिरल्या. ती एका उताण्या खुर्चीवर वाकून पट्ट्या ताणत होती, ओठांत बारीक खिळे धरलेले.

“बाई? या. त्या कोचावर नका बसू, त्याच्या स्प्रिंगा निघाल्यात.”

बाई उभ्याच राहिल्या आणि उभ्यानंच सगळं बोलून टाकलं. ती एकेक खिळा ओठांतून काढून ठोकत राहिली. ओठांतले खिळे संपल्यावर म्हणाली, “मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“कंदील तुमचा आहे ते. माझी चुलतबहीण दुसऱ्या तुकडीत होती. त्यांना तुम्ही आदल्या दिवशी तोच धडा शिकवला होता. त्यात कंदील नव्हता.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“बोलले होते की एकदा.” तिनं हातोडी खाली ठेवली. “माझ्या लग्नात नवऱ्याच्या मित्रांनी रंगीत कागदात गुंडाळून कंदील भेट दिला. सगळे हसले. मीही हसले, काय करणार? नव्या नवरीनं रुसायचं नसतं ना.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. त्या हात जोडून म्हणाल्या, “मला माफ कर.”

“ते मला नाही जमायचं, बाई. खोटं कशाला सांगू? पण जिथं म्हणालात तिथं उलटं म्हणा. चारचौघांत.”

लढाईच्या स्मृतिदिनाला सभागृह भरलेलं होतं. बाईंनी कागद बाजूला ठेवून सांगितलं, “नावाडी निर्दोष होता. कंदील कधीच नव्हता. तो मी वर्गात माझ्या मनानं रचला आणि एका मुलीच्या गळ्यात बांधला.” सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. माजी मुख्याध्यापक उठून म्हणाले, “याला म्हणतात मनाचा मोठेपणा!” बाई हात हलवून नको-नको म्हणत होत्या, ते लोकांना विनयच वाटला. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचा फोटो आला, वर ‘सत्यनिष्ठ शिक्षिका’. यजमान पेपर घेऊन हौसेनं आत आले आणि बायकोचा चेहरा बघून तो घडी घालून परत घेऊन गेले. बातमीत नावाड्याचा उल्लेख नव्हता.

बाईंना त्या टाळ्या वर्गाच्या तेव्हाच्या हसण्यापेक्षा जास्त लागल्या. त्यांनी संपादकांकडे, संग्रहालयाकडे, ग्रंथाच्या प्रकाशकाकडे हेलपाटे घातले. संग्रहालयवाले म्हणाले, लोक त्या कंदिलाशेजारी फोटो काढतात हो. शेवटी पेटी उचलली गेली. बाईंचं पुस्तक आलं, त्यात पहिलंच प्रकरण नावाड्यावर होतं, त्याचं पूर्ण नाव घालून, आणि शेवटी स्पष्ट लिहिलेलं, की तो त्या दिवशी कुठे होता हे कुणालाच ठाऊक नाही. पहिली प्रत घेऊन त्या दुकानात गेल्या. तिनं हात पुसून पुस्तक घेतलं, ते प्रकरण उभ्यानंच वाचलं आणि म्हणाली, “नाव बरोबर लिहिलंय.” मग गिऱ्हाईक आलं. बसा म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही.

बाई बाहेर पडून थांब्यावर बसची वाट पाहत होत्या. एका माणसानं फळवाल्याला विचारलं, “इथं सोफ्याची कव्हरं कोण करतं?”

“कंदीलकडे जा ना. सरळ, मग डाव्या हाताला.”

बाई पुढे झाल्या. “अहो, तिचं नाव कंदील नाही.”

फळवाल्यानं त्यांना ओळखलं. हात कपाळाला लावून म्हणाला, “नमस्कार बाई. हो हो, वाचलं मी पेपरात, कंदील नव्हताच म्हणून. पण तिला सगळे कंदीलच म्हणतात हो. दुसरं नाव कुणाला माहितीय?”

बाईंनी ते सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाची संत्री तोलायला घेतली.