न उघडलेले पाच कॅन

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीनं विचारलं, "आजी, आजोबा कधीपासून विसरायला लागले?" डॉक्टरांनी पहिल्या भेटीत हेच विचारलं होतं. बाकीचे लोक 'हल्लीच', 'वर्षभर झालं असेल' असं सांगतात. मला महिना सांगता आला, कारण आपल्या घरात गाडीच्या ऑइलची वही आहे. त्यात माझी चूक आहे, आणि ती तुम्हा दोघांना माझ्याकडूनच कळावी म्हणून लिहिते आहे.

आजोबा गाडीचं ऑइल आयुष्यभर स्वतः बदलत आले. वर्षातून दोनदा, गणपतीच्या आधी आणि शिमग्याच्या आधी, कारण दोन्ही सणांना रत्नागिरीहून राजापूरकडे गावच्या घरी जायचं असे. त्यासाठी अंगणात चिऱ्यांचे दोन उतार बांधून घेतले होते. गाडी त्यांवर चढवायची, गोणपाट टाकून खाली आडवं व्हायचं, जुनं काळं ऑइल घमेल्यात सोडायचं आणि मग वरून मधाच्या रंगाचं नवं ओतायचं. शेवटी मीटरवरचा आकडा पाहून पडवीतून हाक मारायचे, "अगं, लिही!" मी स्वयंपाकघरातूनच तारीख आणि किलोमीटर लिहायची. वही इंग्रजीत, समास आखलेला, मी कॉलेजात शिकवायची तेव्हापासूनची सवय. बाहेर जाऊन मी कधी पाहिलं नाही. फिजिक्स शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाचा आकडा तपासायचा कशाला?

मग एका वर्षी शिमग्याची पालखी दुपारी गावच्या घरी आमच्या दारात येणार होती. ओटी भरायचं सामान मांडीवर घेऊन मी गाडीत बसले होते. वाटेत मीटरजवळ लाल दिवा लागला. आजोबा म्हणाले, "वायर सैल झालीय." लांज्याच्या पुढे खडखड सुरू झाली आणि चढावर गाडी बंद पडली, ती पुन्हा सुरूच होईना.

ओढून गॅरेजला नेली. मेकॅनिकनं ऑइलची पट्टी ओढून पाहिली, मग खालचं चेंबर उघडलं. आत काळा, घट्ट लगदा होता.

"काका, ह्याला ऑइल नाय म्हणत, हे डांबर हाय. हायवेवाल्यांना द्या, तेवढाच रस्ता पुरा होईल."

मला हसू आलं. आजोबा मात्र लालबुंद झाले. "मी चाळीस वर्षं स्वतःच्या हातानं ऑइल बदलतोय! दाखव गं त्याला वही!"

वही पर्समध्येच होती. मी जरा तोऱ्यातच उघडून दाखवली. शेवटची नोंद आठ दिवसांपूर्वीची होती. त्यानं हात पुसून पान नीट पाहिलं.

"काकू, अक्षर लय छान हाय. पण ऑइल बदललेलं नाय. दोन वर्षं तरी नाय. इंजिन जाम झालंय."

आजोबा त्या नोंदीवर वाकले आणि मग वळले. माझ्याकडे बघत राहिले. वर्गात उत्तर न आलेली मुलं अशी बघायची, ते मला माहीत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मी ते पहिल्यांदाच पाहत होते.

रिक्षानं गावी पोचलो तेव्हा पालखी पुढच्या वाडीत गेली होती. कुलूपबंद दारासमोर शेजारणीनं आमच्या वतीनं ओटी भरली होती. "दमलात, चहा घ्या," एवढंच ती म्हणाली.

रत्नागिरीला परतल्यावर मागच्या खोपीत गेले. नारळाच्या सोडणांमागे ऑइलचे पाच कॅन ओळीनं ठेवलेले होते, पाचही सीलबंद. वहीतल्या शेवटच्या पाच नोंदी मागे मोजल्या, तर त्यांतली पहिली दोन वर्षांपूर्वीच्या शिमग्याआधीची. म्हणजे ते दर वेळी कॅन आणत होते, बॉनेट उघडून पट्टी पुसत होते, हात काळे करत होते, आणि पुढचं तिथेच विसरून मला हाक मारत होते. अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ चढलं होतं, त्यावर चाकाची एकही खूण नव्हती. त्याच शेवाळाला वळसा घालून मी रोज तुळशीला पाणी घालत होते. एकदा घासून काढायला हवं, असंही मनात आलं होतं.

ते मागून आले. "हे कुणी आणले?"

"मीच आणून ठेवलेत," मी म्हणाले.

"एवढे कशाला गं? तुला गाडीतलं काही कळत नाही."

"नाही कळत," मी म्हणाले.

डॉक्टरांना मी सांगितलं, दोन वर्षांपूर्वीच्या शिमग्याआधी. "इतकं नेमकं कुणी सांगत नाही," ते म्हणाले. मला ती शाबासकी वाटली नाही. तेव्हाच आलो असतो तर फरक पडला असता का, हे मी विचारलं. त्यांनी औषधाचा कागद माझ्यापुढे सरकवला.

इंजिन नवं बसवलं. आता गाडी ड्रायव्हर चालवतो आणि ऑइल बदलायला मेकॅनिक घरी येतो. या गणपतीआधी तो आला तेव्हा आजोबा पडवीत खुर्चीवर बसले होते. बॉनेट पडल्याचा आवाज झाला आणि त्यांनी हाक मारली, "अगं, लिही!" मग एक आकडा सांगितला, ठणठणीत आवाजात. तो फारच लहान होता, या गाडीचा नव्हता. बहुधा आमच्या पहिल्या स्कूटरचा असावा.

मी तो लिहिला. मग चपला घालून अंगणात गेले, मीटर पाहिला आणि खालच्या ओळीत दुसरा आकडा लिहिला.