रॉकफर्डच्या मशिनचे तेरा आटे

चौथ्या फेऱ्याला बोल्ट अडला. उलटा फिरवून काढला, तेल सोडलं, पुन्हा घातला. पुन्हा तिथेच. दुसरा घेतला, तोही चौथ्या फेऱ्याला ठप्प. माझं डोकं तापलं. डोकं तापलं की मी आधी समोर असेल त्याला धरतो. जुनी खोड आहे, हवं तर माझ्या बायकोला विचारा.

समोर साद उभा होता. "भोकं साफ केलीस म्हणालास ना? अशी करतात साफ?" मी सगळ्या वर्कशॉपला ऐकू जाईल असा ओरडलो. "तुझ्यानं हे काम व्हायचं नाही. जा, ऑफिसात जाऊन बस."

बस, या शब्दावर त्याचा चेहरा उतरला. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी मूळचा श्रीवर्धनकडचा. सौदीतल्या राबिघमध्ये रिफायनरीचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं काढली, शेवटची नऊ मशिन सेक्शनचा फोरमन म्हणून. मग सौदीकरण आलं. कंपनीत अमुक इतकी सौदी माणसं हवीतच, असा सरकारी नियम. ती असली तर कंपनीचा रंग हिरवा आणि सगळं सुरळीत. नसली तर रंग लाल, आणि मग आमचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, तोही रिन्यू होईना. यावर काही कंपन्यांनी सोपी युक्ती काढली होती. सौदी माणूस नेमायचा, एसीत खुर्ची द्यायची, महिन्याला पगार द्यायचा आणि काम काहीच द्यायचं नाही.

माझी जागा सादला द्यायची ठरली. सहा महिने मी त्याला शिकवायचं आणि मग फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा शिक्का, घेऊन घरी जायचं. साद राबिघचाच, मच्छीमाराच्या घरातला, चौतिशीचा, तीन मुलांचा बाप. खरं सांगतो, पहिले पंधरा दिवस मी त्याला फक्त झाडू मारायला लावला. आपलीच जागा घेणाऱ्याला कुणी हौसेनं शिकवतं का?

सोळाव्या दिवशी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आमचं बोलणं अरबी, हिंदी आणि इंग्रजीच्या खिचडीत चाले. म्हणाला, "उस्ताद, याआधी दोन कंपन्यांनी मला खुर्चीवर बसवलं. मुलगा विचारतो, बाबा तुम्ही काय काम करता. मला बसायचं नाही. मला हात काळे करायचेत." मला माझीच लाज वाटली. त्या दिवसापासून मी शिकवायला लागलो, आणि ठरवलं की हा माणूस खुर्चीवर जाणार नाही म्हणजे नाही.

आमच्याकडे एक जुनं मोठं लेथ मशिन होतं. लेथ म्हणजे लोखंड गरागरा फिरवून त्याला हत्यारानं सोलून आकार देणारं मशिन. पंपाचा आठ फुटी शाफ्ट, म्हणजे मधला फिरता दांडा, फक्त याच मशिनवर बसे. ते माझ्याहूनही जुनं. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, तिचं नावही पाटीवरून झिजून गेलेलं. सादनं एकदा ती पाटी रॉकेलनं घासून काढली तर खालचा एवढाच मजकूर वाचता आला: रॉकफर्ड, इलिनॉय, यू.एस.ए.

त्यानं ते गाव मोबाईलवर शोधलं आणि चहाच्या वेळी मला ऐकवलं. तिथल्या नदीत खडकाळ तळाचा उतार होता, माणसं नि गाड्या तिथल्या उथळ पाण्यातून पलीकडे जायच्या, त्यावरून गावाला रॉकफर्ड नाव पडलं. त्याआधी गावाला मिडवे म्हणत, कारण ते दोन गावांच्या मध्यावर होतं. पुढे स्वीडनहून सुतार आले, त्यांनी फर्निचरचे कारखाने काढले. फर्निचरमागून मशिनं आली, मशिनांमागून स्क्रू आणि बोल्ट. इतके की लोक त्याला स्क्रूचं शहर म्हणायला लागले. आता बरेच कारखाने बंद आहेत.

"आपल्याला लेथ चालवायचंय," मी म्हणालो, "भूगोलाचा पेपर नाही द्यायचा." आणि बिस्किट चहात बुडवलं.

त्या मंगळवारी सकाळी या मशिनच्या गिअरबॉक्सचं ब्रॅकेट धरणारे चार बोल्ट एकदम तुटले. नेमका दुसऱ्या दिवशी रिफायनरीचा शाफ्ट यायचा होता. मॅनेजर पिल्लैसाहेब आले, मशिनभोवती एक फेरी मारली आणि मला हिंदीत सरळ सांगितलं, "दाऊदभाई, गुरुवार दुपारपर्यंत चाललं तर ठीक. नाही तर शाफ्ट दम्मामच्या वर्कशॉपला पाठवतो, हे भंगारात काढतो आणि सेक्शन बंद."

"आणि साद?" मी विचारलं.

"त्याला ऑफिसात एक टेबल देऊ."

झालं! म्हणजे पुन्हा खुर्ची. मी तरी घरी जाणारच होतो. साद कुठे जाणार? मी म्हणालो, गुरुवारी दुपारी या, चालू मशिन बघायला.

हे बोल्ट तयार मिळणारे नव्हते. त्यांची मान नेमक्या मापाची लागते, कारण तीच ब्रॅकेटला जागेवर धरते. म्हणून ते वर्कशॉपमध्येच बनवायचे ठरले. तुटके तुकडे सादनं भोकांतून शिताफीनं काढले, भोकं साफ केली. मी छोट्या लेथवर बसलो आणि त्याच दिवशी चार बोल्ट काढले. जाडी अर्धा इंच, इंचाला बारा आटे. आटे म्हणजे बोल्टवरच्या चक्री खाचा. मापायची गरजच वाटली नाही. हात आपोआप चालले.

बुधवारी सकाळी तेच बोल्ट चौथ्या फेऱ्याला अडले आणि मी सादवर ओरडलो.

ओरडून झाल्यावर मी पान्याला चार फुटी पाइप लावला. जोरानं नेऊ, म्हटलं. सादनं माझ्या हातावर हात ठेवला आणि तो काढेना. मशिनचं अंग बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. जास्त जोर दिला तर वाकत नाही, सरळ तडकतं. हे मीच त्याला शिकवलं होतं.

"उस्ताद, भोक मी साफ केलंय," तो हळू पण ठाम आवाजात म्हणाला. "बोल्ट बसत नाही म्हणजे एक तर भोक चुकलं, नाही तर बोल्ट. भोक त्या स्क्रूच्या गावच्या लोकांनी पाडलंय. ते चुकले असतील का?"

त्यानं जुन्या बोल्टचा तुकडा आणला, स्टीलची पट्टी लावली आणि नखानं इंचभरातला एकेक आटा मोजला. तेरा. मग माझा बोल्ट घेतला. बारा.

मी पट्टी हिसकावून स्वतः मोजलं. तेराच.

आता खरी गोष्ट सांगतो. अर्धा इंच जाडीच्या बोल्टला इंग्रजी पद्धतीत इंचाला बारा आटे आणि अमेरिकन पद्धतीत तेरा. आमच्या आयटीआयमधली जुनी मशिनं सगळी इंग्रजी मापाची. तिथल्या मास्तरांनी अर्धा इंच म्हणजे बारा, असं आमच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. अमेरिकन तेरा मला माहीत नव्हतं असं नाही. रिफायनरीचे तयार बोल्ट सगळे तेराचेच येत, मी ते हजारोंनी हाताळले होते. पण कापायला बसलो की हात अजून आयटीआयमधलेच. आणखी अर्धा फेरा जोर दिला असता तर बीड तडकलं असतं, आणि माझ्या गुर्मीपायी सादची नोकरी गेली असती. मी स्टुलावर बसलो.

मग उठलो. छोट्या लेथवर आट्यांच्या मापांचा तक्ता असतो, त्यावर तेराचा आकडा होताच. या वेळी कापायला सादला बसवलं आणि मी मागे हात बांधून उभा राहिलो. मला ते फार जड गेलं. पहिला बोल्ट बिघडला. दुसरा जमला. संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या आत चारही बोल्ट हातानं फिरवत शेवटपर्यंत गेले, पाना फक्त आवळायला लागला.

गुरुवारी सकाळी शाफ्ट चढवला. सादनंच तो सोलला. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या, अजानच्या जरा आधी पिल्लैसाहेब आले, मायक्रोमीटर लावून माप पाहिलं आणि मान डोलावली. मग मला म्हणाले, "काल तो मुलगा गडबड करत होता ना? तुम्ही सांभाळून घेतलंत."

ओरडलो होतो सगळ्यांसमोर, तेव्हा सांगायलाही सगळ्यांसमोरच हवं होतं. मी मशिन बंद केलं, म्हणजे कुणाला ऐकू आलं नाही असं व्हायला नको.

"गडबड माझी होती, साहेब. बोल्ट मी चुकीचे कापले. यानं पकडलं नसतं तर आज हे मशिन भंगारात असतं. साद, काल बोललो ते चुकलं माझं."

साद कपड्यानं पाटी पुसत राहिला. पुसायला तिथे काही नव्हतं.

सेक्शन राहिलं. तीन महिन्यांनी साद फोरमन झाला आणि मी फायनल एक्झिटवर गावी आलो. तुम्हाला सांगण्यासारखं एवढंच: यंत्राला हात लावण्याआधी ते कुठल्या गावचं आहे ते वाचावं, आणि अनुभव कितीही असला तरी पट्टी लावून मोजावं.

वर्कशॉपमध्ये नवं जुनं काही मशिन आलं की साद अजून मला त्याच्या पाटीचा फोटो पाठवतो. खाली गावाचं नाव आणि त्यानं मोजलेले आटे लिहिलेले असतात. बरोबर आहे का, असं विचारलेलं नसतं. मीही उत्तर देत नाही.