गुजरातचं गिऱ्हाईक

डहाणूला आमची चिकूच्या कलमांची नर्सरी आहे. तिची वेबसाइट मी सांभाळते आणि साइटवर कोण कुठून आलं याचे रिपोर्ट माझा मोठा भाऊ बघतो, रोज सकाळी चहाबरोबर. एकदा म्हणाला, "अगं, निम्मे लोक गुजरातचे आहेत! साइट गुजरातीत करून टाक."

"अरे दादा, पण ऑर्डरी तर सगळ्या तलासरीकडच्या, आपल्या महाराष्ट्रातल्याच आहेत," मी म्हटलं. पण त्याच्याकडे रंगीत नकाशा होता. नकाशापुढे माझं कोण ऐकतंय? केली साइट गुजरातीत.

लगेच फोन सुरू झाले. "ताई, आम्हाला गुजराती बोलता येतं हो, वाचता कुठे येतं?" सगळी आमचीच जुनी गिऱ्हाइकं, तलासरीकडच्या, हद्दीलगतच्या झरी गावची नि आसपासची. डोकं उठलं नुसतं.

त्याच आठवड्यात कलमं पोचवायला मी झरीला गेले. एका गिऱ्हाइकाच्या ओट्यावर बसून फोनवर आमची साइट उघडली, तेवढ्यात मेसेज आला, 'गुजरातमध्ये आपले स्वागत आहे.' फोनने हद्दीपलीकडचा टॉवर पकडला होता. इथे सगळ्यांचेच फोन पकडतात, असं घरधनी म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

घरी येऊन दादाला हे सांगणार, तर तोच खुशीत म्हणाला, "बघ, आज दुपारी एकच जण आला साइटवर, तोही गुजरातचा!"

"मी होते ती!"

त्याने एकदा रिपोर्टाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"तू गुजरातला कधी गेलीस?"